वाफेची कैरी

तुळशीला पाणी घालून झालं होतं, प्रदक्षिणा चालू होत्या, आणि पडवीतून लाख जळाल्याचा वास आला.

कार्तिकस्नानाच्या महिन्यात पूजा उरकेपर्यंत माझं मौन असतं. घरात हे सगळ्यांना ठाऊक, आणि ह्यांना तर फारच ठाऊक. जे काही भलतंसलतं करायचं ते त्या तासाभरात करून घ्यावं, कारण तेव्हा बायकोला बोलता येत नाही, ही गोष्ट ह्यांच्या ध्यानात यायला लग्नानंतरचा पहिलाच कार्तिक पुरला होता.

मी घंटा उचलली आणि पडवीकडे तोंड करून वाजवली. आरतीला वाजवतात तशी नव्हे.

"इलंय, इलंय," आतून आवाज आला. मागोमाग खोकला आला, त्यामागून धूर आणि त्या धुरातून हे. हातात चिमटा, चिमट्यात जळका काळा गोळा, कपाळाला काजळी.

"कायएक झाला नाय," हे म्हणाले. "तू तुझा चालू ठेव."

मी धुराकडे बोट केलं.

"धूर मा? जाता तो आता."

मी छातीवर हात ठेवला आणि मग त्यांच्या छातीकडे बोट दाखवलं. फुप्फुसांची काय दशा झाली आहे ती आठवा, असं मला म्हणायचं होतं.

"तुझा माझ्यार प्रेम आसा," हे म्हणाले, "ता काय माका म्हायत नाय?" आणि आत गेले.

उरलेल्या प्रदक्षिणा मी रागात घातल्या. रागात घातलेली प्रदक्षिणा देवाला पोचते की नाही, हे भटजींना विचारायचं मी त्याच दिवशी ठरवलं होतं. विचारायचं राहूनच गेलं.

आमचं घर सावंतवाडीचं, चितारआळीतलं. सासऱ्यांच्या आधीपासून लाकडी खेळण्यांचा आणि लाखकामाचा धंदा. भोवरे, पोळपाट-लाटणी, बाहुल्यांची भांडी आणि लाकडाची फळं. ह्यांच्या हातचं केळं बघून पाहुण्यांची पोरं सोलायला जायची. मी मात्र निपाणीची. म्हणजे बिडीच्या तंबाखूच्या गावची. त्यामुळे ह्यांना खोकल्याची उबळ आली आणि मी बोलायला लागले, की उत्तर तयार असायचं: "तुझ्याच माहेरान माझी ही दशा केल्यान. तुझ्या भावाक जाब विचार."

त्या वर्षी नवरात्र संपल्यावर मी ह्यांना गोव्याला मोठ्या डॉक्टरांकडे नेलं. नेलं म्हणजे ओढत नेलं. डॉक्टरांनी फोटो काढला, नळीत फुंकायला लावलं, आणि बोलताना ह्यांच्याकडे न बघता माझ्याकडे बघितलं. "आता बिडी सुटली तर हे चालतेफिरते राहतील," म्हणाले. "नाही सुटली तर वर्ष-दीड वर्षात नाकाला नळी लावून खाटेवर. त्यापुढचं मी सांगत नाही." परत येताना बसमध्ये हे खिडकीतून बाहेर बघत होते. मी जप करत होते, पण मणी कुठे होता आणि बोट कुठे होतं, देव जाणे.

बिडी सोडायचे प्रयत्न ह्यांनी आधी केले नव्हते असं नाही. लवंग चघळून झाली, ज्येष्ठमध झालं. ग्रामदेवतेपुढे नारळ ठेवून गाऱ्हाणं घातलं, त्याला तीन दिवस झाले नाहीत तोच हे नाक्यावर धूर काढताना सापडले. "देवाक सांगलंय मी," म्हणाले, "म्हटलं, जमना नाय. देव काय बोलाक नाय." ह्यांच्या हातून कुठलाच नेम टिकत नाही असं मी आळीत सगळ्यांना सांगत असे. मला चतुर्थी असो, प्रदोष असो, एक दिवस चुकत नाही. हे मात्र उपासाला साबुदाणा खायचे आणि वर बांगडाही.

गोव्याहून आलो त्याच्या दुसऱ्याच दिवशी इनासकडे त्याचा परदेशातला चुलतभाऊ आला. इनास फर्नांडिस म्हणजे आमच्या मागच्या गल्लीत रेडिओ-मोबाइल दुरुस्त करणारा, ह्यांचा शाळेपासूनचा सोबती. त्या चुलतभावाकडे ओढायचं यंत्र होतं. आत विजेवर पाणीसारखं काही तापतं, त्याची वाफ ओढायची. राख नाही, ठिणगी नाही. माणसं बिडी-सिगारेट सोडायला ते वापरतात, असं तो म्हणाला. त्याचं खोकं लाकडी होतं. झालं. वाफेचं राहिलं बाजूला, ह्यांनी ते खोकं हातात घेऊन उलटंपालटं केलं आणि घरी आले ते तणतणतच.

"अगो, लाकडाचो डबो. सांधो हातभर दिसता. वर पालिश म्हणान कायतरी फासल्यानी हा. आणि किंमत सांगता तो डॉलरात. ह्येच्यापेक्षा माझो भोवरो बरो."

"मग तुम्हाला काय करायचंय?"

"मी करतंय."

"काय करताय?"

"ह्याच. पण बरा."

"अहो, वाफाराच घ्यायचा आहे ना? तपेलीत पाणी आहे, टॉवेल दोरीवर आहे. मी ओवा टाकून देते."

ह्यावर हे माझ्याकडे असे बघत राहिले की जणू मी देवळात चप्पल घालून शिरले होते.

इनासला मी दुसऱ्या दिवशी दारातच गाठलं. "इनासभावजी, हे असलं करायला परवानगी तरी आहे का? पेपरात काही आलं होतं."

"वयनी, बंदी आसा," तो खाली बघून म्हणाला. "विकूक बंदी, भायरसून हाडूक बंदी, करूकय बंदी."

"एक करूक काय बंदी," हे आतून म्हणाले. "फॅक्टरी घालतंय काय मी? इनास, तू वायर दी आणि गप बस."

आणि इनास वायर देऊन गप बसला. मला वाटलं होतं, त्याला तरी चार गोष्टी कळतील.

तिथून पुढे माझ्या घराचं घरपण गेलं. एका शोरूमवाल्याला लाकडी फळांच्या परड्या दिवाळीसाठी द्यायच्या होत्या. निम्मी सीताफळं रंगाविना पडली, तो फोन करून करून दमला, आणि हे लेथवर एकच लाकूड लावून बसलेले. आधी पांगारा घेतला, तो तापला की वास मारायचा. मग फणस घेतला, तो चिरला. शेवटी शिवणीचं लाकूड बरं म्हणाले. यंत्र खोक्यासारखं करायचं नाही हे तर पहिल्या दिवशीच ठरलं होतं. कैरी करायची. कैरीच्या पोटात बॅटरी आणि तापायची तार, देठातून वाफ ओढायची. "चितारी मी. डबे करूक सुतार आसत," असं ह्यांचं म्हणणं.

इथवर ठीक. पण इनास रोज घसा फोडून सांगायचा, "रघू, आतल्या बाजूक लाख लावू नको. तापली की ती इतळतली."

"आतून कोरी ठेवू?"

"कोरी ठेव."

"इनासा, माझ्या बापाशीन आतून कोरी वस्तू घराभायर जावक दिल्यान नाय. बाहुलीच्या घागरीत आतून लाख असता. कोण बघता तिच्या आत? पण असता."

"बाहुलीच्या घागरीत कोण विस्तव घालता?"

ह्यावर हे मान डोलवायचे आणि आतून लाख लावायचे. तार तापायची, लाख पातळ होऊन तारेवर यायची, घरभर धूर. पुन्हा लाकूड कोरायचं, पुन्हा आतून लाख, ह्या खेपेला म्हणे पातळ हात. पुन्हा धूर. दसऱ्याला सारवलेल्या पडवीचा रंग ओळखू येईना. सुरुवातीला सांगितला तो धूर ह्यातलाच एक. त्यानंतरही बरेच झाले.

एक दिवस त्रिपुरी पौर्णिमेच्या वाती वळायला मी कापसाचा डबा उघडला. परसात देवकापसाचं झाड आहे. त्याची बोंडं वर्षभर जमवून, सरकी काढून, पिंजून, मी तो कापूस निराळा ठेवते. विटाळाच्या हाताने त्याला शिवत नाही. डब्यात तळाला मूठभर शिल्लक होता.

मी पडवीत गेले. तेव्हा मौन नव्हतं.

"कापूस कुठाय?"

"खयचो कापूस?"

"माझा."

हे लेथवरून उठलेच नाहीत. "इनास म्हणालो, तारेभोवती शुद्ध कापूस व्हयो. दुकानातल्यात भेसळ असता."

"अहो, तो देवाचा कापूस आहे."

"म्हणान तर शुद्ध."

"वात वळायची आहे मला त्रिपुराची."

"मीय वातच वळलंय," हे म्हणाले, आणि दाखवलं. खरंच, तारेच्या वेटोळ्यातून कापसाची वात ओवलेली होती, आणि ती माझ्यापेक्षा एकसारखी वळलेली होती. ह्याने मला अधिकच राग आला.

मी आवाज चढवत नाही. आमच्या निपाणीच्या घरात ती रीत नव्हती. हळू बोललं की समोरच्याला जास्त ऐकू येतं, असं आई म्हणायची. मी हळूच म्हणाले, "उद्या देवघरातली अत्तराची कुपी नका नेऊ म्हणजे मिळवली."

ह्यांनी मान आणखी खाली घालून लेथ फिरवायला घेतला. मी देवघरात जाऊन पाहिलं. कुपी नव्हती. तिच्यात वेलदोड्याची पूड आणि औषधाच्या दुकानातलं ग्लिसरीन भरून ती कैरीच्या पोटात जाऊन बसली होती.

"त्यात तंबाखू नाही, काही नाही," मी इनासला म्हटलं. "मग हे ओढून ह्यांना मिळणार काय?"

"वाफ मिळतली, वयनी."

"वाफेने बिडी सुटते?"

इनासने डोकं खाजवलं. "लोकांची सुटता म्हणतत. रघूचा मी काय सांगू? तो लोकांसारखो थोडोच."

ह्या सगळ्यात एकदा हे मोती तलावाच्या काठाने माझ्यासोबत देवळात आले. परतताना चार पायऱ्या चढून थांबले. कठड्याला हात टेकला, तोंड उघडं ठेवून श्वास घेतला, आणि मी बघते आहे असं दिसल्यावर म्हणाले, "पाण्यात कमळा बरी इली हत." कमळं त्या बाजूला नव्हतीच. मी "हो" म्हटलं आणि त्यांचा श्वास खाली बसेपर्यंत तिकडे बघत उभी राहिले. वर्ष-दीड वर्ष, डॉक्टर म्हणाले होते. आणि ज्याने वर्षात काय करायचं ते ठरवायचं, तो माणूस लाकडाच्या कैरीला देठ बसवत होता.

मग तुळशीचं लग्न आलं.

आमच्या आळीत तुळशीचं लग्न हे माणसांच्या लग्नासारखंच लागतं. ऊस, चिंचा, आवळे, तुळशीला हिरवी साडी, बाळकृष्णाला मुंडावळ्या. शेजारपाजारची सगळी मंडळी अक्षता घेऊन अंगणात. आम्हाला मूल नाही. म्हणून दरवर्षी तुळशीचा बाप हेच, आणि ते काम हे मन लावून करायचे. त्या दिवशीही धुतलेलं धोतर, वर पांढरा सदरा. सदऱ्याच्या खिशात काही फुगीर दिसलं, पण विडा असेल म्हणून मी लक्ष दिलं नाही. भटजींनी अंतरपाट धरला. मंगलाष्टकं सुरू झाली. हे उसाचा दांडा सरळ करायला वाकले, आणि वाकताना खिशातली कळ दाबली गेली.

"शुभमंगल सावधान" म्हणायला भटजींनी तोंड उघडलं आणि ते तसंच राहिलं. ह्यांच्या खिशातून धूर निघत होता.

"रघू, खिसो," अंगणाच्या कडेला प्रसादासाठी उभा राहिलेला इनास ओरडला.

ह्यांनी कैरी काढली आणि समोरच्या कलशात बुडवली. चर्र असा आवाज झाला. कलशातल्या आंब्याच्या पानांतून लाखेच्या वासाची एक रेघ वर गेली. अंगणात कुणी हसलं नाही, सगळे अक्षतांकडे बघत होते, आणि ते हसण्यापेक्षा वाईट.

"चाळीस वर्षं लग्नं लावतोय," भटजी अंतरपाट खाली करत म्हणाले, "पण वधूपित्याचा खिसा पेटलेला प्रथमच पाहिला. दुसरा कलश आणा. मुहूर्त अजून आहे."

मंडळी प्रसाद घेऊन गेल्यावर मी ह्यांच्यासमोर पाटावर बसले. इनासही होता, तो निघायला लागला तर मी त्याला बसवलं.

"भावजी, तुम्हीही ऐका. मी आजवर काही म्हटलं नाही."

"काय म्हटला नाय?" हे म्हणाले. "म्हयनोभर—"

"हे काही म्हणणं नव्हतं. आता म्हणते. त्रिपुरी पौर्णिमेच्या आत ही कैरी पुरी करा. लाख आत लावा, बाहेर लावा, मला सांगू नका, पण पुरी करा. पौर्णिमेला माझं घर मला परत मिळालं पाहिजे. नाहीतर ती कैरी आहे तशी मी तलावात टाकीन, आणि पटाश्याही."

पटाश्या म्हटल्यावर ह्यांनी वर बघितलं. त्या सासऱ्यांच्या होत्या.

"तीन दिवसांत जमतला?" ह्यांनी इनासला विचारलं.

"आत लाख नाय लावलंस तर जमतला," इनास म्हणाला.

त्यावर पुढचे तीन दिवस हे पडवीतून हललेच नाहीत. जेवायला हाक मारली तर येऊन जेवायचे, हात धुवायचे, परत आत. पडवीत लेथचा आवाज, पटाशीची सळसळ, मध्येच सगळं शांत. मी आत डोकावले की हे कैरी डोळ्याजवळ धरून बसलेले, श्वास धरून. मला वाटायचं, ह्या माणसाने ह्यातल्या निम्म्या चिकाटीने बिडी सोडली असती तर.

पौर्णिमेला दुपारच्या पुढे इनास आला आणि ह्यांनी कैरी बाहेर आणली.

मी कितीही वैतागले असले तरी जे आहे ते सांगते. इतकी सुंदर वस्तू ह्यांच्या हातून आधी झाली नव्हती. खाली हिरवी, देठाकडे जाताना पिवळसर, एका बाजूला ऊन लागल्यासारखी जराशी तांबूस. केवड्याच्या पानाने घासून अशी चमक आणली होती की चीक लागेल म्हणून हात मागे घ्यावा. कुठे उघडते, कुठे मिटते, काही कळत नव्हतं. इनासने नखाने चाचपून पाहिलं, त्यालाही सापडलं नाही.

"आत?" इनासने विचारलं.

ह्यांनी कैरी धोतराला पुसली. "कोरी," म्हणाले. भिंतीवरच्या बापाच्या फोटोकडे बघितलं नाही.

त्यांनी देठ ओठांत धरला. बारीकशी पांढरी वाफ आली, वेलदोड्याच्या वासाची. खोकला आला नाही. धूर झाला नाही.

"जमला रे तुका," इनास म्हणाला. "मायझयां, जमला."

"कसं लागलं?" मी विचारलं.

"वाफ," हे म्हणाले.

इनास शेजारी सांगायला गेला. हे ओट्यावर बसले. कैरी बाजूला ठेवली. दोन्ही हात मांडीवर, आणि ते हात काही करत नव्हते. ह्यांचे हात असे मोकळे मी बऱ्याच दिवसांत पाहिले नव्हते. मी त्रिपुराची तयारी करायला उठले. पडवी स्वच्छ दिसत होती, लेथ थांबलेला होता. मला वाटलं, सुटले एकदाची.

हे उठले आणि खुंटीवरच्या जुन्या सदऱ्याचे खिसे चाचपायला लागले.

"काय शोधताय?"

"बिडी."

"अहो, आत्ताच ते यंत्र—"

"ता झाला मा. झाला म्हणान तर बिडी."

हे असं म्हणाले की त्यात काही वावगं आहे असं त्यांच्या गावीही नव्हतं. ह्या घरात रीतच तशी. लाखेचा भुसा, लाकडाचा भुसा, ठिणगी पडली तर घर जाईल, म्हणून लेथवर वस्तू असेपर्यंत बिडी पेटवायची नाही. वस्तू पुरी झाली, खाली उतरली, की अंगणात जाऊन एक ओढायची. सासरे तसेच, त्यांचे वडील तसेच. भोवरा झाला, बिडी. लाटणं झालं, बिडी. ही रीत मला नवी नव्हती. पण मी ती कधी अशी समोर धरून पाहिली नव्हती.

ह्यांना खिशात बंडल सापडलं. गोव्याहून येताना, डॉक्टरांकडून निघून तासही झाला नव्हता तेव्हा, एस्टी स्टँडवर मला चुकवून घेतलेलं असणार. ह्यांनी ते उजेडात धरलं. आमच्याकडची हवा दमट. बंडलाला पांढरी बुरशी आली होती. वरचा दोरासुद्धा सुटलेला नव्हता.

"खराब झाला गे," हे नवल वाटून म्हणाले. "ह्या असाच कसा रवला?"

मी त्या बंडलाकडे बघत राहिले. त्या महिन्यात मी कापसावरून बोलले होते, कुपीवरून बोलले होते, लाखेवरून, धुरावरून, सीताफळांवरून, खिशावरून. बिडीवरून एकदाही बोलले नव्हते. कारण बोलायला ती नव्हतीच, आणि ती नाही हे मलाही कळलं नव्हतं आणि ह्यांनाही. एक कैरी महिनाभर लेथवर होती, पुरी होत नव्हती. आणि ती पुरी करा म्हणून पाटावर बसून बजावलं होतं मी.

ह्यांनी बंडल उकिरड्यावर टाकलं आणि पायात वहाणा सरकवल्या.

"खंय निघालात?" मी विचारलं. इतक्या वर्षांत माझ्या तोंडून त्यांची बोली पहिल्यांदाच आली.

"नाक्यार. नवो घेवन येतंय. पटकन."

नाका आमच्या दारातून दिसतो. पानवाल्याचा दिवा लागलेला होता. मी ओट्यावरची कैरी उचलली. हाताला गार, गुळगुळीत, वजनाला अगदी खऱ्या कैरीएवढी.

"अहो," मी म्हणाले.

हे फाटकाशी थांबले.

"ह्याचा सांधा दिसतो."

"खयचो सांधो?"

"देठापाशी. वाकडा बसलाय जरासा."

"इनासाक गावलो नाय, तुका गावलो?"

"मला दिसतो."

हे परत आले. वहाणा पायातच होत्या. कैरी माझ्या हातातून घेतली, देठावरून अंगठा फिरवला. एकदा, दोनदा. मग मान वर करून माझ्याकडे बघितलं. किती वेळ ते सांगता येणार नाही. त्यांच्या अंगठ्याला जे कळत नाही ते ह्या जगात दुसऱ्या कुणाला कळायचं नव्हतं, हे त्यांनाही ठाऊक होतं आणि मलाही.

"वाकडो?" त्यांनी विचारलं.

"थोडा."

त्यांनी नाक्याकडे बघितलं, मग पडवीकडे.

"मगे देठ सोडवूक व्हयो," हे म्हणाले. "असो कसो ठेवतलंय?"

वहाणा काढून ते आत गेले. कैरी लेथवर चढली. उजेड कमी झाला होता, म्हणून त्यांनी मला टॉर्च धरायला सांगितलं. मी त्रिपुराच्या वातींचं तबक बाजूला सारलं आणि त्यांच्या शेजारी उभी राहिले.

"खंय ता दाखव," पटाशी हातात घेऊन हे म्हणाले.

मी देठाजवळ बोट ठेवलं. तिथे काहीच नव्हतं. ह्यांनी पटाशी बरोबर तिथेच लावली.